आठाच्या बाजूची भोकं

२ जून

धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं तिसऱ्या फेरीचं कार्ड काल संध्याकाळी हातात पडलं. पुढे पाठवायची शेवटची तारीख आज. म्हणजे घरातली कामं अर्धी टाकून, ओल्या हातांनी गुण मोजून मला पोस्टाच्या खिडकीवर धावावं लागलं. खिडकीवरची बाई म्हणाली, "काकू, तुम्ही दर पंधरा दिवसांनी अशा धापा टाकत येता. कुणी आजारी आहे का?" म्हटलं, "हो. माझ्या भावाला आळस झालाय. जुनाट आहे."

नियमांचा कागद तू उघडूनसुद्धा पाहिलेला नाहीस अशी माझी खात्री झाली आहे, म्हणून पुन्हा लिहिते. दुकानात भिंतीवर चिकटव. ही टपालाची नेमबाजी स्पर्धा आहे. जोडीतले दोघे एका कुटुंबातले पाहिजेत, आणि आपापल्या गावच्या हॉलमध्ये आपापलं कार्ड मारायचं. कार्डावर दहा काळे गोल, एका गोलात एकच छर्रा, सगळे मधोमध लागले तर शंभर गुण. साक्षीदाराने तुझ्या पाठीशी उभं राहून बघायचं आणि कार्डावर सही करायची. मग ते कार्ड माझ्याकडे यायचं, कारण जोडीची प्रमुख मी. मी दोन्ही कार्डं तपासायची, "ही कार्डं नाव लिहिलेल्या व्यक्तीनेच मारली आहेत" या ओळीखाली सही करायची आणि चिटणिसांकडे धाडायची. सात फेऱ्या. पहिल्या चार जोड्या अंतिम फेरीला, एका हॉलमध्ये, खांद्याला खांदा लावून. आपण आज पाचवे आहोत. माझे पंच्याण्णव. तुझे एक्याऐंशी!

एक्याऐंशी कुठून आणलेस रे? तुझं कार्ड त्र्याण्णवाखाली कधी उतरलं नव्हतं. तुला ठाऊक आहे, मी चोपडीत वाटी उपडी ठेवून वर्तुळ काढते आणि तुझ्या कार्डावरची दहाही भोकं टाचणीने त्या एका वर्तुळात उतरवून घेते. दोन वर्षं तुझी भोकं एकाच ठिकाणी आहेत, उजवीकडे किंचित खाली. तुझ्या घड्याळाच्या भाषेत चार-पाचच्या जागी. या खेपेला ती सगळीकडे. वारुळात पाणी शिरल्यावर मुंग्या पळतात तशी.

लहानपणी वडील तुला बंदूक धरायला शिकवत आणि मला डबे मांडायला पिटाळत. मी कायम तिकडच्या टोकाला. दोन वर्षं आपण जोडी म्हणवतो, पण तुला नेम धरताना मी अजून पाहिलेलं नाही. मला एकदा तुझ्या शेजारी उभं राहायचं आहे, बंदूक हातात घेऊन. बाकी या स्पर्धेतून मला काही नको. या वर्षी ते झालं नाही तर मी हॉलची पायरी पुन्हा चढणार नाही. हे रागाने लिहीत नाही, ठरवून लिहिते.

देवाचं नाव घेत श्वास सोड, नाव संपलं की चाप ओढ. मी तेच करते. हसू नकोस.

हे खुशाल आहेत आणि माझ्या हातचा चहा हल्ली थंड मिळतो म्हणून कुरकुरतात.

तुझी ताई


९ जून

ताई, नमस्कार. पाठ वाकवून करतोय, म्हणजे धपाटा घालायला सोयीचं.

नियम भिंतीवर लावले. एक गिऱ्हाईक म्हणालं, "घड्याळ दुरुस्तीचे नियम एवढे कडक?" म्हटलं, "नाही हो, हे माझ्या बहिणीचे. घड्याळ बंद पडलं तर चालतं तिला, माणूस बंद पडता कामा नये."

एक्याऐंशीचं कारण विचारतेस. हॉलमधली दिव्याची एक नळी सारखी लुकलुकते. शिवाय हवा कोंदट आहे. शिवाय शेजारच्या नेम धरायच्या पट्टीवर एक मास्तर येतात, ते प्रत्येक बार झाला की "अरेरे" म्हणतात, स्वतःच्याच कार्डाकडे बघून. माझा नेम त्यांच्या अरेरेवर हलतो.

दुकान बरं चाललंय. मनगटी घड्याळं घेणं जरा कमी केलंय, भिंतीवरचीच घेतो. मोठी चाकं, मोठे काटे, डोक्याला ताप नाही. तुझी भावजय म्हणते, आता टॉवरवरचं घड्याळ दुरुस्त करायला लाग, शिडी मी धरते.

पुढच्या कार्डाची काळजी करू नकोस. भावोजींना गरम चहा दे.

धाकटा


१८ जून

धाकट्या,

आशीर्वाद आतल्या पानावर लिहीन, राग उतरला तर.

चौसष्ट! कार्ड पाकिटातून काढलं तेव्हा वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं आलं. एका गोलात भोकच नाही. काठावरच्या कोऱ्या कागदाला एक लागलंय. तिथे तर मी डोळे मिटूनसुद्धा मारणार नाही. आणि पत्र दीड ओळीचं, "पुढे बघू." काय बघू? गुणांचा तक्ता बघते मी. आपण पाचव्यावरून नवव्यावर आलो.

नळी लुकलुकते म्हणे. नाचता येईना, अंगण वाकडं. माझ्या हॉलमध्ये पूर्वी खतांची पोती होती, अजून डोळे चुरचुरतात. इथे बायकांना मंगळवार-शुक्रवार दुपारी दोन ते चार एवढीच वेळ मिळते, आणि बंदूक क्लबची, माझ्या खांद्याला टोचणारी. दस्त्याला जुन्या टॉवेलची घडी बांधून मी शहाण्णव मारले. शहाण्णव! आणि ते तुझ्या चौसष्टाच्या गळ्यात बांधून पोस्टात टाकले.

अक्षरही बघ तुझं. ओळी उतारावर सोडल्यासारख्या घरंगळतात. लिहितानाही लक्ष नाही, मारतानाही नाही.

मन नसेल तर तसं सांग. ओढूनताणून कुणाला जोडीदार करायची मला हौस नाही. पण मन असेल तर रोज सराव कर. तुझ्या भावजयीला... पाहिलंस, रागात काय लिहिते मी. माझ्या भावजयीला सांग, दुकान तासभर तिने सांभाळावं.

(राग उतरला नाही. आशीर्वाद आहेतच.)

ताई


२८ जून

ताई,

पाचव्या फेरीचं कार्ड सोबत. सत्त्याहत्तर. वाढले तेरा. ओरडायच्या आधी वजाबाकी कर.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी हॉलवर जातो. आमचा मेहुणा, तुझ्या भावजयीचा भाऊ, येतो बरोबर, साक्षीदार म्हणून त्याचीच सही असते हे तू बघतेसच. बँकेतली रात्रीची पाळी संपवून तसाच येतो बिचारा, गणवेशात. जांभया देत देत माझ्या मागे उभा राहतो.

मन आहे का विचारलंस. आहे. यापलीकडे आत्ता काही विचारू नकोस. दोन फेऱ्या राहिल्यात, त्या मला माझ्या पद्धतीने मारू दे. पत्रातून खांदा कसा धरावा हे शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. माझ्या शेळ्या माझ्या मी हाकतो.

धाकटा


१४ जुलै

चि. धाकट्यास खूप खूप आशीर्वाद.

एकोणनव्वद! मी कार्ड तीनदा मोजलं. यांना मोजायला दिलं. यांनी चष्मा पुसून मोजलं आणि म्हणाले, "एकोणनव्वद. पण तू रडतेस कशाला, शंभर नाहीत म्हणून का?"

आपण पुन्हा पाचवे. चौथी जोडी बापलेकाची आहे, बाप सुतार आहे म्हणतात, आणि ते आपल्यापेक्षा फक्त सहांनी पुढे. चिटणिसांनी तक्त्याच्या कडेला पेनने लिहिलंय, "भावंडांची घोडदौड." छापील कागदावर कुणी आपल्याबद्दल काही लिहावं हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. तो कागद मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आहे. गर्व होऊ नये म्हणून मुद्दाम तिथे.

घाईत भोकं चोपडीत उतरवायची राहिली, कार्ड तसंच पाठवलं. शेवटच्या फेरीचं उतरवीन. हे एकदम कसं जमलं, ते लिही. देवाचं नाव घेतोस ना? घेत असशील तर कबूल कर, मी चिडवणार नाही.

मागच्या पत्रातलं बोलणं मनावर घेऊ नकोस. मी बोलते आणि विसरते. तू विसरत नाहीस, हेच वाईट.

ताई


२२ जुलै

ताई,

घे. त्र्याण्णव. शेवटचं कार्ड आणि तेही वेळेच्या चार दिवस आधी, म्हणजे पोस्टातल्या बाईला तुझी धाप ऐकू यायची नाही.

कसं जमलं ते अंतिम फेरीत समोरासमोर कळेल. आता सांगितलं तर मजा जाईल. मेहुण्याने फार केलं माझ्यासाठी, त्याच्याशिवाय हे कार्ड झालंच नसतं, एवढं लिहून ठेवतो. बाकी तोंडाला कुलूप.

तुझे नव्वदाच्या वर आले की आपण चौथे. आणि तुझे येतातच.

शेजारी उभी राहशील तेव्हा माझ्या डाव्या बाजूला राहा की उजव्या, तेही तेव्हाच सांगेन. (हे तुला आत्ता कळणार नाही. चरफड थोडी.)

धाकटा


२६ जुलै, शनिवार

धाकट्यास,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते.

काल दुपारी मी चौऱ्याण्णव मारले. घरी आले, हातपाय धुतले, तुझं कार्ड घेतलं आणि चोपडी उघडली. वाटी उपडी ठेवली, वर्तुळ काढलं, टाचणीने भोकं उतरवली. दहाच्या दहा डाव्या अंगाला. सात-आठच्या जागी. मला वाटलं कार्ड उलटं धरलंय. शिक्का बघितला, नंबर बघितला. सुलटच होतं.

दोन वर्षांची पानं मागे उलटली. मधली तीन कार्डं नुसता पसारा, पण त्याआधी तुझा एकही छर्रा कधी आठाच्या बाजूला गेलेला नाही. वाईट दिवशीही चुकलास तो चारकडेच चुकलास. मी जेमतेम मॅट्रिक झालेली बाई आहे, पण टाचणीची भोकं मला वाचता येतात. आमच्या हॉलमध्ये एक डावखुरी मुलगी येते, तिची अशीच पडतात. आणि तुझा साक्षीदार डावखुरा आहे. तुझ्या लग्नात रजिस्टरात सही करताना मी त्यांना पाहिलं होतं, डाव्या हाताने, वही तिरकी धरून. चौसष्टवरून पाच आठवड्यांत त्र्याण्णव कुणाला जमतं? आणि तू स्वतःच लिहितोस, त्याच्याशिवाय हे कार्ड झालंच नसतं.

मी तुझ्या मागे लागले. चौसष्टाबद्दल वाटेल ते बोलले, पायरी चढणार नाही म्हणून धमकी दिली. माझ्या हट्टासाठी तू हे केलंस, एवढं मला कळतं. म्हणून दोष अर्धा माझा. पण सही तर पूर्ण माझी जाते रे. "नाव लिहिलेल्या व्यक्तीनेच मारली आहेत." त्या ओळीखाली पेन टेकवलं आणि परत उचललं. सहाव्या फेरीला मी आंधळेपणाने सही करून बसले आहे, त्याचंच ओझं पेलवत नाही. सकाळी प्रार्थनेला बसले तर देवाच्या तोंडाकडे बघवेना.

आज शेवटची तारीख. तुला विचारून उत्तर यायला आठवडा. म्हणून मी ठरवलं. कार्डं पाठवली नाहीत. चिटणिसांना लिहिलं की माझ्या भावाच्या कार्डावरच्या हाताची खात्री मला देता येत नाही, सबब आमची जोडी स्पर्धेतून मागे घेत आहे. कुणाचं नाव घातलेलं नाही. पत्र अकरा वाजता पेटीत टाकलं.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. मला कुणाशीच बोलायचं नाही.

ताई


४ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आज आलं. बातमी शनिवारीच आली होती. हॉलच्या फळ्यावर.

कुणाचं नाव घातलं नाहीस म्हणतेस. कार्डावर सह्या किती असतात? माझी आणि साक्षीदाराची. चिटणिसांनी क्लबला पत्र लिहून विचारलं, क्लबने फळ्यावर कागद लावला: चौकशी होईपर्यंत अमुक साक्षीदाराच्या सह्या ग्राह्य धरू नयेत. मेहुणा नेहमीसारखा पाळी संपवून आला, गणवेशात. कागद त्याने माझ्या आधी वाचला. माणूस बँकेचा पहारेकरी आहे, ताई. लोकांच्या विश्वासावर त्याची नोकरी.

आता ऐक. एप्रिलमध्ये एका जुन्या घड्याळाची स्प्रिंग सुटली आणि उजव्या डोळ्यावर बसली. भिंग लावायचा तोच डोळा. पहिल्या दोन फेऱ्या निभावल्या, मग आत मोतीबिंदू धरला. डॉक्टर म्हणाले सूज पुरती उतरू दे, मग ऑपरेशन. तुझं एक्याऐंशी म्हणजे धुक्यातून मारलेलं कार्ड. त्यानंतर काळा गोलच दिसेना. मग मेहुणा म्हणाला, "दाजी, डावा डोळा आहे ना? मग डाव्या खांद्यावर घ्या." त्याची स्वतःची बंदूक, डाव्या गालाचा दस्ता असलेली, ती त्याने मला दिली. चौसष्ट हे माझं डाव्या हाताचं पहिलं कार्ड. दोन महिने रोज सकाळी तो माझा डावा कोपर धरून उभा राहायचा, जांभया देत. सत्त्याहत्तर माझं. एकोणनव्वद माझं. त्र्याण्णवही माझं, ताई, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हात बदलून. भोकं आठाच्या बाजूला पडणार नाहीत तर कुठे पडतील?

तुला कळवलं का नाही? डोळ्याचं कळलं असतं तर तू त्याच दिवशी स्पर्धा सोडली असतीस आणि बोचकं घेऊन माझ्या उशाशी येऊन बसली असतीस. तुला शेजारी उभं राहायचं होतं. ते मोडायला नको म्हणून गप्प बसलो. शेवटी मोडलंस तूच.

क्लबने सगळ्यांसमोर मला डाव्या हाताने दहा बार मारायला लावले. एक्क्याण्णव आले. चौकशी संपली. फळ्यावरचा कागद काढला. तो खाली पडला तेव्हा मेहुण्यानेच उचलून टोपलीत टाकला.

डोळे अधू माझे झाले होते, एवढंच लिहितो.

धाकटा


११ ऑगस्ट

सौ. ताईसाहेबांस,

आपले ६ तारखेचे पत्र मिळाले. आपल्या बंधूंची दोन्ही कार्डे निर्दोष आहेत याविषयी आता कोणतीही शंका उरलेली नाही, आणि साक्षीदारांच्या क्लबला तसे लेखी कळविले आहे. मात्र एकदा मागे घेतलेली जोडी त्याच वर्षी परत घेता येत नाही. चौथ्या स्थानावर सुतार पितापुत्र आहेत व त्यांनी निमंत्रण स्वीकारले आहे.

आपण लिहिता की सहाव्या फेरीची सही न पाहता केली म्हणून शिक्षा व्हावी. बाईसाहेब, तशी शिक्षा नियमांत नाही. नियमांत एक गोष्ट मात्र होती. शंका आल्यास प्रमुखाने कार्डे पाठवावीत आणि सोबत शंका कळवावी. शहानिशा करणे हे आमचे काम. ते आपल्या नजरेतून सुटले.

आपले चौऱ्याण्णव फार सुंदर होते असे आपल्या हॉलकडून समजले. वाईट वाटते.

चिटणीस


१४ ऑगस्ट

धाकट्या,

सात दिवस झाले, रोज लिहायला बसते आणि उठते.

चिटणिसांचं उत्तर आलं. शंका कळवायचा नियम होता. तेराव्या कलमात, मागच्या पानावर. तुला नियम भिंतीवर लावायला सांगणारी मी, आणि मागचं पान मीच उलटलं नव्हतं. हसायचं असेल तर हस. हसलास तर बरंच वाटेल.

चुकले. ज्या चोपडीचा मला एवढा भरवसा, ती बरोबर होती आणि तरी मी चुकले. भोकं डाव्या हाताची होती हे मी बरोबर वाचलं. तुला दोन हात आहेत हे विसरले. तुझ्यावर विश्वास ठेवायला एक आठवडा पुरला असता, आणि मी तासाभरात तुला खोटा ठरवून मोकळी झाले. वर देवाला मध्ये घातलं. तेच सगळ्यात वाईट. देवाने काही सांगितलं नव्हतं, मीच घाईत होते.

मेहुण्यांना वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात सबबी घातल्या नाहीत.

आता एवढं लिहून मी गप्प बसायला हवं, पण बसवत नाही. एक ओळ, धाकट्या! "ताई, डोळ्याला लागलंय, डाव्या हाताने मारतोय." एवढी एक ओळ चार महिन्यांत तुला लिहिता आली नाही? लुकलुकणारी नळी लिहिलीस, मास्तरांचं अरेरे लिहिलंस. मी तुला आळशी म्हटलं, बेफिकीर म्हटलं, अक्षराला नावं ठेवली, आणि तू तिकडे एका डोळ्याने कागदावर ओळ शोधत होतास. हे सगळं मला बोलू दिलंस. आता ते शब्द मी कुठे नेऊन टाकू? सगळ्यांना वाचवायचं म्हणून गप्प बसायचं हे तू वडिलांचं उचललं आहेस. आणि न विचारता निकाल द्यायचा हे मी त्यांचंच उचललं. वाटणी बरोबर झाली.

हे म्हणाले, "तुम्ही दोघं समोरासमोर बसलात तर दहा मिनिटांत मिटेल." म्हटलं, समोरासमोर यायचंच तर होतं.

ऑपरेशन कधी? येऊ का? ये म्हणाल्याशिवाय येत नाही. बोचकं बांधलेलं नाही.

ताई


६ ऑक्टोबर

ताई,

उशीर झाला. डोळ्यावर पट्टी होती, आणि ती निघाल्यावरही लिहावंसं वाटत नव्हतं. ऑपरेशन नीट झालं. बारीक काटा दिसतो. मनगटी घड्याळं पुन्हा घेऊ लागलोय.

ही म्हणते, स्पर्धा सुटली म्हणून ऑपरेशन वेळेवर झालं, बरंच झालं. मला नाही वाटत बरं झालं. जे वाईट झालं त्याला चांगलं म्हणायची मला हौस नाही. तुलाही नसावी. तरी लिहून ठेवतो, मीही एक ओळ लिहायला हवी होती. रात्री पडल्या पडल्या तुझं ते वाक्य आठवतं आणि चीड येते, कारण ते खरं आहे.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगतो. पुढच्या वर्षाचे अर्ज निघाले. मी मेहुण्याबरोबर नाव दिलं.

नियमात बसतं, मेहुणा कुटुंबात धरतात. त्याला स्पर्धा नको होती, कधीच नको होती. पण हॉलमध्ये चौकशी संपली तरी कुजबुज संपत नाही. "चौकशी झाली तो हाच" असं म्हणणारे अजून आहेत. परवा मास्तर त्याच्या बाजूची पट्टी सोडून दुसऱ्या टोकाला गेले. त्याने वर्षभर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या नावाची कार्डं मारली तर ते थांबेल. आणि त्याच्या शेजारी मी उभा नाही राहिलो तर कोण राहणार? मी डाव्याच हाताने मारणार आहे. दोन डावखुरे. ज्याला चोपडी काढायची त्याने काढावी.

तुझं पत्र त्याला मिळालं. वाचलं, घडी घातली, गणवेशाच्या खिशात ठेवलं. मी विचारलं, काय म्हणते ताई? म्हणाला, "अक्षर सुंदर आहे."

तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. तरीही असंच करणार आहे.

धाकटा


१२ ऑक्टोबर

धाकट्यास आशीर्वाद.

पत्र वाचलं. वाईट वाटलं. दोन दिवस भांड्यांचा आवाज जरा मोठा होत होता, असं हे म्हणतात.

तुझं बरोबर आहे. बरोबर असलेल्या गोष्टीचा एवढा राग येतो हे मला या वयात कळलं. माझ्याच चुकीने तुझा जोडीदार बदलला आणि मला तुझ्यावर ओरडायचाही हक्क उरला नाही, म्हणून इथे ओरडून घेते: दोन वर्षं मी तुझ्या कार्डाची वाट पाहिली रे! पंधरा दिवसांनी यायचं, कधी वेळेवर आलं नाही, पण यायचं. आता ते मेहुण्यांच्या हातात जाईल. तेच तपासतील, तेच सही करतील. त्यांना सांग, तुझं शेवटचं भोक नीट बघत जा, तू दहाव्या बाराला घाई करतोस. नको, सांगू नकोस. त्यांना माझ्याकडून काही शिकायची गरज नाही.

यांनी परवा विचारलं, "मी आहे की, माझ्याबरोबर नाव दे." चाळीस वर्षं कोठारात पोती मोजलेला माणूस, बंदूक हातात घेतली ती झाडूसारखी. पहिल्या दिवशी कार्डावर चार भोकं, बाकी सहा कुठे गेली ते क्लबवालेही सांगू शकले नाहीत. मी काही बोलले नाही. हे म्हणाले, "बोल, बोल. धाकट्याला बोलायचीस तसं बोल." तरी बोलले नाही. अर्ज भरलाय. आपली गाठ तक्त्यावर पडेल, आम्ही तळाशी असू.

पण आज हे सगळं लिहायला बसले नव्हते. माफी मी पत्रातून मागितली, आणि ती खिशात घडी घालून फिरतेय हे वाचल्यापासून मला चैन नाही. आरोप फळ्यावर सगळ्यांसमोर लागला होता. माफी बंद पाकिटात चालणार नाही. म्हणून मी येते आहे. ये म्हणाल्याशिवाय येणार नाही असं लिहिलं होतं, तो शब्द मोडते.

शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीने पोचेन. तुझ्या घरी किंवा दुकानात नाही, थेट हॉलवर. पाळी संपवून ते येतात ती वेळ मला तुझ्या पत्रांतून पाठ आहे. मास्तर असतील, आणखी लोक असतील, असू देत. असायलाच हवेत. मी दारातच त्यांना नमस्कार करून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन की हा माणूस खरा आहे आणि त्याच्यावर शंका घेणारी बाई मी. त्यांनी तोंड फिरवलं तरी चालेल. मी बोलून होईपर्यंत तू मध्ये पडू नकोस, मला वाचवायला तर अजिबात नाही.

नंतर तुम्ही दोघं आपापल्या पट्टीवर जा आणि सराव करा. मी मागच्या बाकावर बसेन. परतीची गाडी दुपारची आहे. मला हाक मारू नकोस. तुला नेम धरताना बघायचंय, तेवढं बघू दे.

ताई